निवडीची किंमत मोजणारा संपादक

रायपूरच्या पंडरीतील कापडबाजारात लग्नाचा बस्ता बांधणारे कुटुंब अर्थशास्त्राचा पहिला धडा नकळत गिरवत असते. रक्कम ठरलेली असते. चांप्याच्या कोशाची एक साडी घ्यायची, तर सुरतेच्या काही साड्या सोडाव्या लागतात. जे सोडावे लागले, तीच घेतलेल्या वस्तूची खरी किंमत. अर्थशास्त्र यालाच वैकल्पिक खर्च म्हणते. साधने मर्यादित आणि त्यांचे उपयोग अनेक, या पेचाचा अभ्यास म्हणजे अर्थशास्त्र, अशी व्याख्या लायनेल रॉबिन्स यांनी १९३२ मध्ये केली. त्याआधी सहा वर्षे याच रायपुरात निधन पावलेले माधवराव सप्रे हा पेच आयुष्यभर जगले होते.

सप्रे यांचा जन्म १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे मराठी कुटुंबात झाला. बिलासपूर व रायपूर येथे शालेय शिक्षण घेऊन ते कलकत्ता विद्यापीठाचे पदवीधर झाले. त्या काळात पदवीधरास सरकारी नोकरी दुर्लभ नव्हती. सप्रे यांनी ती नाकारली आणि पेंड्र्याच्या राजकुमारांना शिकवण्याचे काम पत्करले. त्या वेतनातून शिल्लक टाकून जानेवारी १९०० मध्ये त्यांनी 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले. रामराव चिंचोलकर आणि वामनराव लाखे हे त्यांचे सहकारी. तोटा सोसवेना, तेव्हा तीन वर्षांनी मासिक बंद करावे लागले. जमाखर्चाच्या वहीत हा व्यवहार आतबट्ट्याचाच ठरतो. पण छत्तीसगढच्या पत्रकारितेचा पाया त्यातच घातला गेला.

काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने १९०६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हिंदी वैज्ञानिक कोशातील अर्थशास्त्राचा विभाग सप्रे यांनी सिद्ध केला. भांडवल, मजुरी, कर यांविषयी सामान्य माणसाला स्वतःच्या भाषेत बोलता आले नाही, तर राज्यकर्त्यांना जाब विचारणार कोण? त्या कोरड्या वाटणाऱ्या कामाचे राजकीय मोल इथेच होते. त्याच वर्षी स्वदेशी व बहिष्कार या विषयावर त्यांनी हिंदी पुस्तिका लिहिली. विलायती कापड स्वस्त असेल; पण देशी विणकराचा गेलेला रोजगार दुकानातल्या भावात दिसत नाही, हा स्वदेशीच्या अर्थकारणाचा गाभा होता. सरकारने ती पुस्तिका पुढे जप्त केली.

१९०७ मध्ये नागपुरातून त्यांनी 'हिंदी केसरी' काढला. ऑगस्ट १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली. घरच्यांचा, विशेषतः ज्येष्ठ बंधूंचा, आग्रह मोडवेना. सप्रे यांनी माफी लिहून दिली आणि ते सुटले. एका पारड्यात कुटुंब, दुसऱ्यात प्रतिष्ठा; दोन्ही राखण्याची सोय नव्हती. या निवडीचा सल त्यांना विसरता आला नाही. काही काळ त्यांनी सार्वजनिक जीवनातून अंग काढून घेतले आणि मधुकरी मागून दिवस काढले.

त्यानंतर ते रायपुरात स्थिरावले. 'दासबोध', टिळकांचे 'गीतारहस्य' आणि चिंतामणराव वैद्य यांचा महाभारतविषयक ग्रंथ त्यांनी हिंदीत आणले. १९२४ मध्ये देहरादूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. २३ एप्रिल १९२६ रोजी त्यांचे निधन झाले. जेमतेम पंचावन्न वर्षांच्या आयुष्यातील लेखनाची बहुतेक सारी शक्ती त्यांनी हिंदीला दिली. परिणामी मराठी वाचकाला त्यांचे नाव फारसे ठाऊक नाही. परप्रांतात नोकरी वा व्यवसाय करणाऱ्या मराठी माणसाला हा हिशेब अपरिचित नसावा. स्थानिक भाषेला दिलेला वेळ मायबोलीच्या खात्यातून वजा होतो. सप्रे यांनी ही वजाबाकी स्वीकारली, मात्र रामदास आणि टिळक यांना बरोबर घेऊनच.

२००० मध्ये रायपूर राजधानी झाले. तेव्हापासून तिजोरीची वाटणी येथेच ठरते. अर्थसंकल्पात कोणाला किती दिले याची घोषणा होते. त्यासाठी कोणते काम मागे राहिले, हे सहसा कोणी सांगत नाही. पंडरीतील गृहिणीला सोडलेली साडी आठवते. फाइलवर सही करणाऱ्या अधिकाऱ्यानेही सोडलेल्या कामाची नोंद त्याच फाइलवर केली, तर सप्रे यांनी घडवलेल्या अर्थशास्त्राच्या शब्दांचा तो खरा वापर ठरेल.