दोन वचनांच्या कात्रीत जॉन बन्यन

इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासात जॉन बन्यनचे नाव आले की ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ एवढे टिपून आपण पुढे जातो. हरि केशवजींनी १८४१ साली ते ‘यात्रिकक्रमण’ म्हणून मराठीत आणले, हेही मराठी कादंबरीच्या अभ्यासात येऊन जाते. माझीही मजल तेवढीच होती. पुढे त्याचे आत्मचरित्र हाती पडले आणि त्या रूपककथेमागचा भेदरलेला माणूस मला दिसला.

बन्यन १६२८ साली बेडफर्डजवळच्या एल्स्टो खेड्यात जन्मला. बाप फुटकी भांडी सांधणारा; मुलाने तोच धंदा उचलला. १६४४ साली आई गेली, पाठोपाठ बहीण गेली, आणि पोरगा पार्लमेंटच्या सैन्यात शिरला. लग्न झाले तेव्हा घरात धड ताटली-चमचा नव्हता. बायकोने आणली ती बापाने मागे ठेवलेली दोन धार्मिक पुस्तके. शिव्या देणे, रविवारी मैदानावर खेळणे, चर्चची घंटा बडवणे यापलीकडे त्याची पापे मला तरी सापडली नाहीत. पण तो बायबल वाचू लागला आणि त्याची झोप उडाली.

ख्रिस्ताला विकून टाक, असा एक विचार त्याच्या डोक्यात महिनोन्महिने घण घालीत होता. तो नाही नाही म्हणत राहिला. एके सकाळी अंथरुणात पडल्यापडल्या थकून मनातल्या मनात म्हणाला, जायचे तर जाऊ दे त्याला. झाले! त्या क्षणापासून एसाव त्याच्या मानगुटीवर बसला. एका जेवणापायी ज्येष्ठपणाचा हक्क विकणाऱ्या एसावाने पुढे आशीर्वाद मागितला, तेव्हा त्याचा अव्हेर झाला; रडूनही त्याला पश्चात्तापाला जागा मिळाली नाही, असे इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात आहे. योहानाच्या शुभवर्तमानात मात्र येशू सांगतो की, जो माझ्याकडे येतो त्याला मी मुळीच घालवून देणार नाही. मग रडत आलेला एसाव का घालवला गेला? आपल्याला हा वादसभेचा विषय वाटेल. बन्यनच्या दृष्टीने तो स्वतःच्या मरणोत्तर गतीचा प्रश्न होता. योहानाच्या त्या वाक्याचे एक टोक सैतानाच्या हाती, दुसरे आपल्या हाती, अशी रस्सीखेच त्याने वर्णिली आहे.

सुमारे अडीच वर्षे हे चालले. देवाची कृपा पुरेशी आहे, हे पौलाच्या पत्रातले वचन मनात आले, पण त्यातला ‘तुला’ हा शब्दच आला नाही, म्हणून गडी पुन्हा कष्टी! पुढे तो शब्दही आला. एकदा दोन्ही वचने मनात समोरासमोर आली आणि एसावाचे वचन मागे सरले. मला अधिक मोल वाटते ते त्याने यानंतर केलेल्या कामाचे. ज्या ओळींकडे पाहायची छाती नव्हती, त्या त्याने सावकाश वाचल्या. एसावाने हक्क विकला तो जाणूनबुजून, उघडपणे. आणि रडला तो आशीर्वादासाठी, टाकलेल्या हक्कासाठी नव्हे. हा उलगडा सर्वांना पटेलच असे नाही.

परवान्याविना उपदेश केल्याबद्दल १६६० साली त्याला पकडले. उपदेश थांबवला असता तर सुटका होती. घरी आंधळी मुलगी मेरी होती. तो बारा वर्षे तुरुंगात राहिला, नाड्या करून घरी पैसे धाडीत राहिला. १६७८ साली ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ निघाले. त्यात लोखंडी पिंजऱ्यातला एक माणूस भेटतो. आपल्याला आता पश्चात्ताप करताच येत नाही, देवानेच तो नाकारला, असे तो सांगतो. बन्यनने त्याला सोडवलेले नाही. ते मला अजून खुपते. योहानाच्या त्या एका वाक्यावर याच माणसाने अख्खे पुस्तक लिहिले, तेही त्याच वर्षी!

१६८८ च्या ऑगस्टमध्ये एक बाप मुलाला वारसाहक्कातून काढायला निघाला होता. मुलाने बन्यनला गळ घातली. साठीला टेकलेला बन्यन घोड्यावरून रेडिंगला गेला आणि बापाला राजी करून लंडनला निघाला. वाटेत पावसाने झोडपले, ताप भरला, आणि ३१ ऑगस्टला एका स्नेह्याच्या घरी तो वारला.