देवाच्या दरबाराचे निमंत्रण

आज नाताळ. ठिकठिकाणच्या ख्रिस्तमंदिरांत आज जी मराठी पदे गायिली जातील, त्यांतील पुष्कळशी अभंगाच्या वळणाची आहेत. टाळमृदंगाच्या साथीत ती ऐकली, तर काकडआरतीत वाढलेल्या आमच्यासारख्या माणसासही ती परकी वाटत नाहीत. ही किमया करणारे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे आज आम्ही स्मरण करीत आहोत.

रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे ६ डिसेंबर १८६१ रोजी टिळकांचा जन्म झाला. आई लहानपणीच निवर्तली. पुढे नाशिकास त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. कीर्तन, पुराण, शीघ्रकाव्य यांत ते रमत. परंतु एका जागी स्थिर राहणे त्यांच्या स्वभावातच नव्हते. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या गृहस्थाने त्यांस 'नवा करार' भेट दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्या दिवशी त्यांच्या घरावर जो वज्राघात झाला, तो सांगितल्यावाचून हे चरित्र सांगता येणार नाही. पत्नी लक्ष्मीबाई सोवळ्याओवळ्याच्या कडक संस्कारांत वाढलेल्या. त्यांच्या दृष्टीने पती जिवंत असून संसार बुडाला होता. लहानग्या दत्तूला उराशी धरून त्या आप्तांकडे राहिल्या. काही काळ पंढरपुरासही होत्या. टिळकांनी आपल्या नव्या श्रद्धेचे पहिले निमंत्रण अर्थातच पत्नीस दिले, आणि पहिला नकारही तिच्याकडूनच घेतला. स्वभाव तापट, मन उतावळे. अशा माणसाने हा नकार कसा सोसला असेल? तरीही पत्रे येत राहिली, भेटी घडल्या. पुढे लक्ष्मीबाई नगरला आल्या, त्यादेखील आपला धर्म आणि आपली वेगळी चूल घेऊनच. पतीने ती चूल मोडली नाही. पाण्याचा विटाळ, जातीचा विटाळ हे सारे त्यांच्या मनातून हळूहळू आपोआप गळत गेले, आणि १९०० साली त्यांनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. ही सारी कहाणी त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या ग्रंथात आहे. पतीचे दोषही त्यांनी त्यात हसतखेळत सांगितले आहेत, म्हणूनच आम्हांस तो ग्रंथ अधिक खरा वाटतो. धर्मांतर म्हटले की आपल्या घरांत आजही मन दुखावते. आम्हीही त्यास अपवाद नाही. पण बोलावणे आणि ओढून नेणे यांतील अंतर या दांपत्याच्या चरित्रात जसे दिसते, तसे क्वचितच कोठे दिसत असेल.

१९०४ साली टिळक धर्मोपदेशक झाले. मग त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. मंडळीतील लोक आपल्या शेजाऱ्यास उपासनेस बोलावीत, तो बिचारा येईही. पण आत बाके, विलायती चाली, इंग्रजीवरून भाषांतरलेली गीते! पाहुण्यास घरी बोलवावे आणि त्याच्यापुढे त्याला न रुचणारे ताट मांडावे, असाच तो प्रकार. टिळकांनी मग अभंग रचले, भजने बांधली, ख्रिस्तचरित्रावर कीर्तने उभी केली. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तचरणी पोहोचलो, अशी त्यांची भावना होती. तो पूल इतरांसाठी मोडून टाकणे त्यांस कसे मानवणार? १९१२ पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादनही त्यांनी केले. त्यांच्या घराचे दार तर सदैव उघडे असे. बालकवी ठोंबरे त्या घरात मुलाप्रमाणे राहिले, आणि धर्माचा प्रश्न त्या मायेच्या आड कधी आला नाही. घरात पैसा मात्र टिकत नसे. त्याची झळ लक्ष्मीबाईंस पोहोचे. असो.

एवढ्यानेही त्यांचे समाधान झाले नाही. परकीय मिशनचा पगार घेणाऱ्याचे निमंत्रण लोकांस निर्मळ वाटत नाही, हे त्यांस सलत असावे. १९१७ साली त्यांनी मिशनची चाकरी सोडली व साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात बंधू म्हणून स्थान होते. दारातच नाव-धर्म न विचारता आधी आत घ्यावयाचे, हा त्या दरबाराचा रिवाज. अनेक मिशनरी मित्रांस तो बुचकळ्यात टाकणारा वाटला, तर हिंदूंपैकी अनेकांस संशयास्पद!

दरबार पुरता भरण्यापूर्वीच प्रकृती ढासळली. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे देहावसान झाले. त्यांच्या इच्छेनुसार देहास अग्नी देण्यात आला आणि अस्थी नगरला नेण्यात आल्या. 'ख्रिस्तायन' हे त्यांचे महाकाव्य अपुरे राहिले होते. एकेकाळी ज्यांनी त्यांचे निमंत्रण नाकारले होते, त्या लक्ष्मीबाईंनीच ते पुढे नेले.