कवीश्वर भास्करभट्ट आणि शत्रुविषयक शास्त्रवचने

महानुभाव पंथाच्या सातीग्रंथांपैकी दोन ग्रंथ एकाच कवीचे आहेत. ते कवी म्हणजे भास्करभट्ट बोरीकर, अर्थात कवीश्वरबास. हे दोन ग्रंथ शेजारी ठेवले असता, शत्रूशी कसे वागावे याविषयी शास्त्रवचनांत भासणारा विरोध स्पष्ट दिसतो. आणि कवीश्वरांचे चरित्र ध्यानात घेतले असता त्याचा परिहारही सापडतो.

भास्करभट्ट हे संस्कृत काव्यशास्त्राचे व्यासंगी पंडित. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या उत्तरापंथगमनानंतर मार्गाची धुरा श्रीनागदेवाचार्यांनी वाहिली. केशिराजबास, पंडित दामोदर, नरेंद्र यांसारखे विद्वान त्यांना अनुसरले; भास्करभट्टही त्यांतलेच. तो काळ स्वस्थतेचा नव्हता. १२९६ मध्ये देवगिरीवर अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी झाली आणि १३१८ मध्ये यादवांचे राज्य लयास गेले. शत्रू हा त्या पिढीला केवळ पोथीतला शब्द नव्हता.

चौदाव्या शतकाच्या प्रारंभी कवीश्वरांनी १०८७ ओव्यांचा ‘शिशुपालवध’ रचला. काव्यगुणांनी तो श्रेष्ठ ठरला; परंतु परंपरा सांगते की, पंथातील जाणत्यांनी ग्रंथाची प्रशंसा करूनही तो निवृत्तांच्या उपयोगाचा नाही असा अभिप्राय दिला. आक्षेप शृंगाराविषयी होता. विद्वत्तेचा अभिमान असता तर कवीने वाद मांडला असता. कवीश्वरांनी तसे केले नाही. त्यांनी श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधाकडे वळून ८०० हून अधिक ओव्यांची ‘उद्धवगीता’ सिद्ध केली.

आता दोन्ही कथांचे मूळ पाहावे. दशम स्कंधात राजसूय यज्ञाच्या सभेत शिशुपाल श्रीकृष्णचक्रवर्तींची निंदा करतो आणि चक्राने त्याचा शिरच्छेद होतो. एकादश स्कंधाच्या तेविसाव्या अध्यायात मात्र अवंतीच्या भिक्षूची कथा आहे. लोक त्याचा दंड-कमंडलू हिरावतात, त्याचे अन्न विटाळतात, त्याला बांधतात. तो कोणावरही कोपत नाही. आपल्या सुखदुःखाचे कारण हे लोक नव्हेत, आपले मनच होय, असा त्याचा निश्चय आहे. ही कथा उद्धवदेवांना सांगणारे श्रीकृष्णच आहेत. गीतेतही अकराव्या अध्यायात अर्जुनाला शत्रू जिंकण्याची आज्ञा होते आणि लगेच बाराव्यात शत्रुमित्रांच्या ठायी सम राहणारा भक्त प्रिय म्हटला जातो. मग प्रमाण कोणते मानावे?

एक वचन स्वीकारून दुसरे टाकणे हा मार्ग नव्हे. वचन कोणाविषयी आहे, हे आधी पाहिले पाहिजे. शिशुपालाची निंदा ऐकून पांडव व त्यांच्या पक्षाचे राजे शस्त्रे घेऊन उठले, तेव्हा भगवंतांनी त्यांना आवरले आणि शासन स्वतः केले. मारल्यानंतर शिशुपालाचे तेज श्रीकृष्णस्वरूपात प्रविष्ट झाले, असे भागवत सांगते. म्हणजे ते शासनही अनुग्रहच होते. असा अनुग्रह करण्याचे सामर्थ्य जिवाच्या ठायी नाही. म्हणून त्या शासनाचा अधिकारही जिवाला नाही. अर्जुनाला झालेली आज्ञा रणभूमीवर उभ्या असलेल्या क्षत्रियाला होती, आणि तीही निमित्तमात्र होण्याची. घरदार सोडून भिक्षेला निघालेल्या साधकाला आज्ञा आहे ती भिक्षूच्या कथेतली. मारणारा आणि पूजणारा यांना समान लेखण्याचा सर्वज्ञांचा उपदेश याच आज्ञेचा निष्कर्ष आहे.

जाणत्यांनी लावलेला निवृत्तयोग्यतेचा निकष शृंगाराप्रमाणे या प्रश्नालाही लागतो. देवाच्या निंदकाचा वध वाचताना भक्ताला हर्ष होतो. त्या हर्षात स्वतःच्या निंदकाविषयीचा द्वेष केव्हा मिसळतो, हे त्याला कळत नाही. देवाचा कैवार घेतल्याच्या समाधानात तो आपलेच वैर जोपासतो. ही भीती वासनिकाइतकीच संन्याशालाही आहे. किंबहुना शास्त्र मुखोद्गत असल्यामुळे संन्याशाला अधिक.

पुढे बाइदेवबासांच्या पश्चात आचार्यपद कवीश्वरांकडे आले, आणि कवीश्वर आम्नाय त्यांच्या नावाने प्रसिद्ध झाला. आपल्या उत्तम कृतीवरचा प्रतिकूल अभिप्राय ज्यांनी वैर न मानता शिरोधार्य केला, त्यांच्याकडे मार्गाची धुरा यावी हे उचितच होते. ‘शिशुपालवध’ पंथाने टाकला नाही. ‘उद्धवगीते’सह तो सातीग्रंथांत नांदतो आहे. एकात देवाची लीळा आहे, तिचे स्मरण करावे. दुसऱ्यात साधकाचा आचार आहे, तो आचरावा.