पऱ्हाटीचं खत करणारे हॉवर्ड साहेब

आज ८ डिसेंबर. सेंद्रिय शेतीचे जनक म्हणून जगभर ज्यांचं नाव घेतात त्या सर अल्बर्ट हॉवर्ड यांची जयंती. माणूस इंग्रज, पण शिकला आपल्या देशातल्या शेतकऱ्यांकडून.

१८७३ साली इंग्लंडच्या श्रॉपशायर भागात शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. शिक्षण केंब्रिजला. १९०५ मध्ये ते बिहारमधील पुसा इथं सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले. पत्नी गॅब्रिएल याही शास्त्रज्ञ. दोघांनी मिळून गव्हाचे वाण काढले. आजूबाजूचे शेतकरी औषध न मारता पीक निरोगी ठेवतात हे पाहून शिकवायला आलेले साहेब त्यांनाच गुरू मानू लागले.

१९२४ मध्ये ते इंदूरला नव्या संस्थेत गेले. तिथलं मुख्य काम कापसाचं. पण नुसतं बियाणं सुधारून भागत नाही, आधी जमीन सुधारा, हे त्यांचं मत. खत आणायचं कुठून? बरंचसं शेण तर गोवऱ्या होऊन चुलीत जायचं. मग त्यांनी शेतातला कचराच हाताशी धरला. पऱ्हाटी किती चिवट असते हे आपल्याला सांगायला नको. साहेबांनी पऱ्हाट्या आणि तुराट्या फार्मच्या रस्त्यावर अंथरल्या. बैलगाड्या वरून जाऊन जाऊन त्या चेचल्या गेल्या. मग तीन फूट खोल खड्ड्यात थर दिले: काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत मुरलेली माती, राख, वरून पाणी. तीनदा पलटी मारली की तीन महिन्यांत खत तयार. हीच ती इंदूर पद्धत. खर्च मजुरीचा तेवढा.

आता कपड्याच्या कंपन्या देशातच पिकलेला सेंद्रिय कापूस मागतात. त्याला बीटी बियाणं चालत नाही, युरियाही चालत नाही. म्हणजे खत घरचंच लागणार. आणि आपण? वेचणी संपली की पऱ्हाटी धुऱ्यावर ओढून पेटवतो. मीही कैक वर्षं पेटवली.

१९३० मध्ये गॅब्रिएल वारल्या. पुढच्या वर्षी साहेब मायदेशी परतले. त्याच वर्षी खताच्या या पद्धतीवरचं त्यांचं पुस्तक निघालं. रासायनिक खतांवर उघड टीका केल्यानं तिकडच्या शास्त्रज्ञांशी त्यांचं बिनसलं, पण ते मागं हटले नाहीत. ऑक्टोबर १९४७ मध्ये ते गेले. इंदूरच्या त्यांच्या संस्थेच्या जागेवर आज कृषी महाविद्यालय आहे.