पाण्याची उंची, विजेचा दाब आणि जमशेटजी टाटा

भाईंदर : उत्तन असो की मिरा रोड, घरातला पंखा मंद झाला की माणूस म्हणतो, व्होल्टेज कमी आहे. पण कमी झालं म्हणजे नेमकं काय? जमशेटजी टाटांच्या आयुष्यातलं शेवटचं स्वप्न बघितलं की ते सोपं होतं.

3 मार्च 1839 रोजी गुजरातेत नवसारीला पारशी घरात त्यांचा जन्म झाला. शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात. कापूस पिकतो त्या मुलखातच गिरणी हवी, म्हणून 1877 मध्ये त्यांनी नागपूरला एम्प्रेस मिल सुरू केली. मुंबईच्या गिरण्या मात्र लांबून आणलेल्या कोळशावर चालायच्या. खर्च दांडगा, वर धूर. तेव्हा त्यांची नजर घाटावरच्या पावसाकडे गेली.

लोणावळ्याला पाणी अडवायचं आणि खाली खोपोलीला सोडायचं. मधली उंची सुमारे पाचशे मीटर. पाण्याची टाकी जमिनीवर ठेवली तर भरलेली असूनही नळाला करंगळीएवढी धार येते. तीच गच्चीवर चढवा, जोर येतो. विजेचंही तसंच. दोन टोकांमधली विजेची ही उंची म्हणजे व्होल्टेज, शाळेच्या पुस्तकातलं विभवांतर. तारेतून वाहतो तो करंट.

जमशेटजी हे बघायला राहिले नाहीत. 19 मे 1904 रोजी जर्मनीत ते वारले. मुलगा दोराबजींनी काम पुढे नेलं आणि फेब्रुवारी 1915 मध्ये खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांसाठी सुरू झाली. सत्तरेक किलोमीटर तार आणि दाब लाखभर व्होल्ट! एवढा कशाला? तेवढीच वीज दुप्पट व्होल्टेजने पाठवली की करंट निम्मा पुरतो आणि तार तापून वाया जाणारी वीज पावपट होते. पुढे ट्रान्सफॉर्मर हा दाब उतरवतात, घरात 230 व्होल्ट येतात. लांब, बारीक तारेच्या टोकाला शेतातली मोटर असली की वाटेतच व्होल्टेज पडतं, ते याचमुळे.

मात्र ही उंची कुणाच्या जमिनीवर उभी राहिली, हे गाळून चालणार नाही. जमशेटजींच्या पश्चात टाटांनीच मुळशीला विजेसाठी धरण काढलं. 1921 मध्ये तिथले शेतकरी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रहाला बसले, तुरुंगात गेले. धरण झालंच. भाताची खाचरं पाण्याखाली गेली.