डॉ. सलीम अली : मोर आणि माळढोक

राष्ट्रीय पक्षी कोणता असं विचारलं की पहिलीतलं पोरही ‘मोर’ म्हणून ओरडतं. आपल्या शिरूर तालुक्यात तर मोराची चिंचोलीच आहे, मग विचारायलाच नको! पण डॉ. सलीम अली यांची पसंती मोराला नव्हती, हे फार थोड्यांना माहीत असतं.

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. आई-वडील लवकर गेले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी सांभाळलं. छर्‍याच्या बंदुकीने चिमण्या मारायचा नाद होता. एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, म्हणून मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथे मिलार्डसाहेबांनी भुसा भरलेले कितीतरी पक्षी दाखवले आणि पोराची वाटच बदलली.

पुढे विद्यापीठाची पदवी नाही म्हणून सरकारी नोकरी हुकली. १९३० च्या सुमारास, हाताला काम नसताना, ते अलिबागजवळ किहीमला राहिले आणि सुगरण पक्षी न्याहाळत बसले. नर अर्धं घरटं विणतो, मादीला पसंत पडलं तरच पुरं करतो, मग दुसर्‍या मादीसाठी नवं विणायला घेतो! बेकारीतलं हे काम त्यांचं नाव करून गेलं.

मोर देखणा आहे, यात वादच नाही. त्याचा चमकता निळा-हिरवा रंग निळ्या-हिरव्या रंगद्रव्याचा नसतो, पिसातल्या सूक्ष्म रचनेवर प्रकाश पडून तो दिसतो. वर्गात मोरपीस फिरवून दाखवा, मुलांना लगेच पटतं. पण मोराला कार्तिकेयाचं वाहन म्हणून लोकांच्या मनात आधीच जागा होती. सलीम अलींना काळजी होती माळढोकाची. तोही मादीसाठी गळ्याची पांढरी पिशवी फुगवून घुमतो, पण उजाड माळावर त्याला बघायला जातंय कोण? मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. राष्ट्रीय पक्षी केलं तर सगळ्यांचं लक्ष जाईल आणि तो वाचेल, असं त्यांचं म्हणणं होतं.

१९६३ मध्ये मोराची निवड झाली. सलीम अली माळढोकासाठी बोलत राहिले. १९७९ मध्ये सोलापूर-नगर भागात माळढोक अभयारण्य झालं. त्यात इनामगावहून घोड नदी ओलांडली की लागणारा श्रीगोंदा तालुकाही होता. १९८७ मध्ये, नव्वदी पार करून, ते गेले.

चिंचोलीत मोर आजही अंगणात येतात. माळढोक देशभरात दीडशेच्या आसपास उरलेत, तेही बहुतेक राजस्थानात.