शिल्पकार जेमीतो

आपलें आडनांव गांवावरून किंवा वाडवडिलांच्या धंद्यावरून आलें, हें आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. परंतु ज्या अर्भकाचे आईबापच ठाऊक नाहींत, त्यास आडनांव कोणीं द्यावें? इटलींतील नेपल्स शहरीं हें काम अनुंझियाता नांवाच्या संस्थेकडे असे. तेथें भिंतींत एक लांकडी फिरतें पिंप बसविलेलें होतें. बाहेरून त्यांत मूल ठेवून तें फिरविलें कीं मूल आंत जाई. ठेवणाराचें तोंड कोणास दिसत नसे. पुढें मुलाच्या गळ्यांत शिशाचा बिल्ला पडे. पूर्वीं अशा सर्व मुलांस एस्पोझितो, म्हणजे टाकलेला, हेंच आडनांव मिळे व तो डाग जन्मभर राही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं राजा म्युरा यानें ही चाल बंद केली आणि निरनिराळीं आडनांवें देण्यांत येऊं लागलीं.

१८५२ सालच्या जुलैंत व्हिन्सेंझो तेथें आला. त्याचें आडनांव जेनीतो, म्हणजे जन्मलेला, असें ठरलें होतें. पण कारकुनाच्या लेखणींतून ‘न’ च्या जागीं ‘म’ उतरला, आणि झालें जेमीतो, म्हणजे कण्हणें! थोड्याच दिवसांत, स्वतःचें मूल गमावलेल्या एका गरीब बाईनें त्याला घरीं नेलें.

लहानपणींच तो एका शिल्पकाराच्या हाताखालीं राहिला. नेपल्सच्या रस्त्यांतलीं उघडींनागडीं पोरें हेच त्याचे नमुने. सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्यानें घडविलेला पत्ते खेळणारा मुलगा खुद्द राजानें विकत घेतला. १८७७ सालीं पॅरिसच्या प्रदर्शनांत त्याच्या कोळ्याच्या पोरानें मोठी खळबळ उडविली. १८८३ सालीं त्यानें ब्राँझ ओतण्याचा स्वतःचा कारखाना काढला, व त्याच्या शिक्क्यावर तेंच चुकलेलें आडनांव घातलें. तें बदलावें असें त्याला वाटलें नाहीं, याचें आम्हांस मोठें कौतुक वाटतें.

पुढें राजवाड्यासाठीं बादशहा पांचवा चार्ल्स याचा भव्य संगमरवरी पुतळा करण्याचें काम त्याजकडे आलें. ज्याचा हात माती व ब्राँझ यांत रमे, त्याला हें काम मानवलें नाहीं. १८८७ सालीं त्याचें मन बिघडलें, आणि सुमारें वीस वर्षें तो जगापासून दूर, बहुतेक घरांतच राहिला. तेथेंही तो चित्रें काढीतच असे.

वृद्धपणीं तो पुन्हां लोकांत आला, व १ मार्च १९२९ रोजीं नेपल्समध्यें वारला. तेथील एका रस्त्यास आज त्याचें नांव आहे. कारकुनाच्या त्या ‘म’ सकट.